कोकणात दवाखान्याची नोकरी: रुजू होण्याआधी आणि झाल्यावर

दरवर्षी भरतीच्या याद्या लागल्या की लातूर, बीड, नांदेड, सांगली, जळगावकडच्या कितीतरी मुलामुलींना रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्ग जिल्हा मिळतो. घरचे खूश असतात. समुद्र आहे, मासे आहेत, हवा चांगली आहे. आणि पहिला जुलै सरायच्या आत त्यातले काही जण बदलीचा अर्ज लिहायला बसलेले असतात. कामाला कंटाळून कोणी जात नाही. घर गळतं, शेवटची एसटी चुकते, मोबाईलला रेंज नसते, आणि ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला की दोन दिवस कुठेच जाता येत नाही.

मीही घाटावरूनच आलेली परिचारिका. इथे रुळले आणि इथलीच झाले. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: कोकणात नोकरी निवडताना पदाआधी ठिकाण बघा. चांगल्या रस्त्यावरच्या, पक्क्या घराच्या गावात कंत्राटी नोकरीसुद्धा आनंदाने होते. ठिकाण चुकलं तर कायम नोकरीतही जीव रमत नाही.

पहिली पायरी: जिल्हा कसा आहे ते समजून घ्या

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती आणि सिंधुदुर्गची ८,४९,६५१. दोन्ही आकडे २००१ पेक्षा कमी. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आटत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. कारण सगळ्यांना माहीत आहे. कमावता माणूस मुंबईला, गावात आई-वडील, सून आणि शाळेतली मुलं.

तुमच्या रोजच्या कामावर याचा थेट परिणाम होतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत म्हातारी माणसं जास्त. बीपी, शुगर, गुडघे, मोतीबिंदू, अर्धांगवायू आणि शेणाने सारवलेल्या ओट्यावरून घसरून मोडलेलं खुब्याचं हाड. बाळंतपणात हात बसवायचा असेल तर आतल्या लहान केंद्रात फार केसेस मिळणार नाहीत. त्यासाठी सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, किंवा उपजिल्हा रुग्णालय मागा. उलट वृद्धांची शुश्रूषा, असंसर्गजन्य आजार, घरोघरी जाऊन केलेलं काम ज्याला आवडतं त्याच्यासाठी कोकणाइतकी चांगली जागा महाराष्ट्रात मला दुसरी दिसत नाही.

आणखी एक. निर्णय घेणारा माणूस बहुतेक वेळा तुमच्या समोर नसतो. आजी इथल्या खाटेवर असतात आणि "ॲडमिट करायचं की नाही" हे डोंबिवलीतला नाहीतर विरारमधला मुलगा ठरवतो. केसपेपरवर रुग्णाच्या नंबराशेजारी मुंबईतल्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर पहिल्याच भेटीत लिहून घ्या. रात्री अकराला रुग्ण बिघडल्यावर तो शोधत बसायला वेळ नसतो.

दुसरी पायरी: कुठे काय काम मिळतं

सरकारी व्यवस्थेचे दोन भाग आहेत. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं राज्याच्या आरोग्य विभागाची. डोंगराळ भागाच्या निकषाने तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरतात. सपाटीला हेच आकडे पाच हजार आणि तीस हजार. म्हणजे लोक कमी, पण वाड्या विखुरलेल्या. एका गावाच्या बारा वाड्या आणि प्रत्येक वाडी वेगळ्या टेकाडावर, असं चित्र असतं. आरोग्य सेविकेचं काम कागदावर हलकं दिसतं आणि पायांना जड पडतं.

सातव्या वेतन आयोगानुसार आरोग्य सेविकेची श्रेणी २५,५०० ते ८१,१००, अधिपरिचारिकेची ३५,४०० ते १,१२,४०० आणि वैद्यकीय अधिकारी गट अ ची ५६,१०० ते १,७७,५०० आहे. त्यावर भत्ते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं मात्र कंत्राटी असतात, नेमणुकीचा आदेश दरवर्षी नव्याने निघतो. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, काम मिळतं. त्यात ठरलेलं मानधन वेगळं आणि कामगिरीवर मिळणारी रक्कम वेगळी. कर्जाचा हप्ता बसवायचा असेल तर फक्त मानधनावर बसवा. कामगिरीची रक्कम उशिरा आली तरी घर चाललं पाहिजे.

मोठी रुग्णालयं हवी असतील तर पर्याय आता वाढलेत. सिंधुदुर्गात ओरोसला २०२१ मध्ये आणि रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. दोन्ही जिल्हा रुग्णालयांना जोडलेली. खाजगीत चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय, आणि सिंधुदुर्गात पडव्याचं एसएसपीएम वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. उपजिल्हा रुग्णालयांपैकी कामथे, कळंबणी आणि दापोली रत्नागिरीत, तर कणकवली आणि सावंतवाडी सिंधुदुर्गात. रत्नागिरी शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी फक्त चार आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मनोरुग्णांच्या शुश्रूषेत ज्यांना पुढे जायचंय त्यांनी ही जागा आवर्जून मागावी.

१०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते आणि तिच्यावर डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस झालेला. चालकाला 'पायलट' म्हणतात. तरुण डॉक्टरला आणीबाणीचं काम शिकायला याच्यासारखी दुसरी जागा नाही, पण वळणावळणाच्या रस्त्यावर मागे बसून सलाईन सांभाळायची सवय करावी लागते.

लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट आणि फार्मासिस्ट यांना खाजगीत बरी मागणी आहे. फिजिओथेरपिस्टला विशेष. अर्धांगवायूचे आणि खुब्याच्या ऑपरेशनचे रुग्ण तालुक्याला यायला वाहन मिळत नाही म्हणून घरीच पडून राहतात. दुचाकी असलेला फिजिओथेरपिस्ट घरभेटींवर चांगलं कमावू शकतो आणि त्याची गरजही खरी आहे.

तिसरी पायरी: कागद

इथे थोडक्यात सांगते. परिचारिकांना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी लागते. परराज्यात शिकला असाल तर तिथल्या कौन्सिलचं ना-हरकत घेऊन नोंदणी इकडे वळवायला वेळ जातो, तेव्हा जाहिरात येण्याची वाट बघू नका. डॉक्टरांच्या नोंदणीचं नूतनीकरण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट. फार्मासिस्टला फार्मसी कौन्सिल. अधिवास, एमएससीआयटी, लागू असेल तर जात वैधता. सगळ्याच्या दोन-दोन साक्षांकित प्रती आणि मोबाईलवर स्कॅन.

मूळ कागद लोखंडी कपाटात नुसते ठेवू नका. इथल्या दमटपणात पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, शाई पसरते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. चामड्याचे बूट आणि बीपीच्या मशीनचा पट्टा यांचंही तेच.

चौथी पायरी: गाव बघून या, शक्यतो पावसात

समुपदेशनात जागा निवडायची संधी मिळते तेव्हा लोक नकाशा बघतात आणि समुद्राजवळचं गाव घेतात. नकाशावर दहा किलोमीटर दिसणारं अंतर मधल्या खाडीमुळे चाळीस होतं. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडले अशा फेरीबोटी आहेत म्हणून बरं. पण बोटीची शेवटची फेरी संपली की रात्री तुम्ही आणि तुमचा रुग्ण खाडीच्या याच बाजूला.

गावात उतरल्यावर पहिली चौकशी वस्तीच्या एसटीची करा. संध्याकाळी गावात येऊन मुक्काम करणारी आणि पहाटे तालुक्याला परत जाणारी गाडी असेल, तर त्या गावात राहणं सोपं. ओपीडीची वेळसुद्धा कागदावर काहीही असली तरी प्रत्यक्षात गाडी ठरवते. सकाळची गाडी आली की एकदम चाळीस माणसं, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की रिपोर्ट न घेताच निम्मी उठून जातात. नवीन माणूस याने वैतागतो. त्यापेक्षा एसटीचं वेळापत्रक ओपीडीच्या भिंतीवर लावा आणि रक्ताचे नमुने पहिल्या अर्ध्या तासात घ्या. रिपोर्ट मिळतात, माणसंही जागेवर राहतात.

मग घर. मुख्यालयी राहण्याची अट असते, क्वार्टर असतं, पण ते राहण्याजोगं आहे का ते डोळ्यांनी बघा. छताच्या कोपऱ्यातला काळा ओघळ म्हणजे गळती, भिंतीला रंग दिलेला असला तरी. भाड्याने घ्यायचं तर मालकाला चार गोष्टी विचारा. एप्रिल-मे मध्ये विहीर आटते का? दुसरा आधार कोणता? पावसात लाईट किती तास जाते आणि इन्व्हर्टर लावता येईल का? कुठल्या कंपनीची रेंज कुठल्या खोलीत येते? रात्री यायच्या वाटेवर दिवा आहे का? शेवटचा प्रश्न मुलींनी कधीही टाळू नये. दिवा उजेडासाठी तर हवाच, सापासाठीही हवा.

जांभ्याच्या चिऱ्याचं कौलारू घर उन्हाळ्यात थंड आणि राहायला सुरेख असतं. पण जमिनीवर अंथरूण घालून झोपू नका, खाट घ्या, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. मण्यार हा विषारी साप रात्री अंथरुणात शिरतो, चावलेलं कळतही नाही आणि पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो. हे रुग्णांना सांगाल तेव्हा स्वतःही पाळा.

नदीकाठचं घर स्वस्त मिळत असेल तर शेजाऱ्यांना २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. चिपळूण, खेड, महाडकडे तर लोक हात वर करून भिंतीवरची खूण दाखवतील.

पाचवी पायरी: पहिल्या पावसाळ्याआधी हे शिकून घ्या

इथे थोडी विस्ताराने लिहिते, कारण कॉलेजात हे सगळं एखाद्या परिच्छेदात उरकतात आणि इथे त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

सर्पदंश. कोकणात नाग, मण्यार, घोणस आहेतच, शिवाय फुरसं फार. कातळावर, गवतात, दगडांच्या गडग्यात. घोणस आणि फुरसं चावल्यावर रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला यंत्र लागत नाही, एक काचेची टेस्टट्यूब लागते. नवीन, कोरडी, काचेचीच. प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेली तर मुळीच नको, साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि तुम्ही उगाच घाबरता. शिरेतून दोन मिली रक्त घ्या, ट्यूबमध्ये सोडा, स्टँडला ठेवा आणि घड्याळ लावा. वीस मिनिटं कोणीही हात लावायचा नाही. नातेवाईक उचलून बघतात, म्हणून तिथे उभं राहा. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करा. घट्ट गोळा झाला असेल तर ठीक, पाण्यासारखं ओघळलं तर डॉक्टरांना सांगून प्रतिविष चालू. सुरुवात साधारण आठ ते दहा कुप्यांनी होते आणि मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा देतात, कारण सापाने विष वजन बघून टाकलेलं नसतं. प्रतिविष लावण्याआधी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवा. ड्युटीवर आल्यावर फ्रीज उघडून कुप्या मोजायच्या आणि मुदत बघायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. स्टँडजवळ नव्या काचेच्या चार ट्यूब कायम असू द्या.

विंचू. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात मुलं दगावायची. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसीन हे औषध वापरून दाखवलं, ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर पोचलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण दवाखान्यात बसून संशोधन होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. दंशाच्या जागी नुसतं दुखत असेल तर काळजी कमी. पण भरपूर घाम, थंड पडलेले हातपाय, उलटी आणि वाढलेला बीपी दिसला तर तो रुग्ण नजरेआड करू नका. प्राझोसीन दिल्यावर त्याला उठू देऊ नका, एकदम उभं राहिलं की बीपी खाली जातो. लघवीलाही खाटेवरच.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. भातलावणीला माणूस दिवसभर चिखलात अनवाणी उभा असतो, पायाला कातरे पडलेले असतात. जूनअखेरपासून ताप, पोटऱ्या दाबल्या की कळ, डोळे लाल, लघवी कमी, असा रुग्ण आला की मलेरिया-डेंग्यूबरोबर लेप्टो मनात धरायचाच. लघवी किती झाली हे विचारून थांबू नका, मोजून घ्या. जोखमीच्या लोकांना डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देतात. गरोदर बाई आणि लहान मुलं सोडून. तुम्ही स्वतः चिखलातून वाडी फिरणार असाल तर तुमचाही त्यात विचार व्हायला हवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

माकडताप. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यात २०१६ पासून याचे रुग्ण सापडलेत. आजार मूळचा कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातला, १९५७ मध्ये ओळखला गेलेला. गोचिडीतून पसरतो. काजूच्या हंगामात बागेत आणि रानात जाणाऱ्या माणसाला अचानक जोराचा ताप आला, डोकं आणि अंग भयंकर दुखतंय, तर "रानात गेला होतात का, मेलेलं माकड बघितलंत का" हे विचारा. बांदा, दोडामार्गच्या बाजूला रुजू होणाऱ्यांनी हा प्रश्न पाठच करावा.

किनाऱ्यावरच्या केंद्रात मासेमारांच्या जखमा येतात. पाकटाची नांगी किंवा शिंगाळ्याचा काटा लागला की धडधाकट खलाशी रडतो इतकं ते दुखतं. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात किंवा पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवला की कळ कमी होते. पाणी किती गरम ते आधी स्वतःच्या हाताने बघा, दुखणाऱ्याला भाजल्याचं कळत नाही. मग काटा आत राहिलाय का, धनुर्वाताचं इंजेक्शन, जखम उघडी ठेवणं. याच्या जोडीला काजूच्या टरफलातल्या तेलाने भाजलेले हात, आंब्याच्या फांदीवरून आणि माडावरून पडलेली माणसं, मोहोराच्या फवारणीत औषध अंगावर घेतलेले मजूर. एप्रिल-मे मध्ये झाडावरून पडलेला रुग्ण आला तर मानेला आधार दिल्याशिवाय रिक्षातून उतरवू देऊ नका.

बागांतल्या राखणदारांत आणि बोटींवरच्या खलाशांत नेपाळहून, कर्नाटकातून, परप्रांतातून आलेली माणसं पुष्कळ. ती कुठल्याच घरयादीत नसतात. क्षयरोगाच्या आणि हत्तीरोगाच्या तपासणीतून तीच निसटतात. आशाताईंना घेऊन एकदा संध्याकाळी जेटीवर आणि एकदा बागेत जा, हिंदीत बोला.

सहावी पायरी: रुग्ण पुढे कुठे पाठवायचा

पहिल्या आठवड्यात आपल्या केंद्रापासूनचा रस्ता स्वतः जाऊन बघा. रत्नागिरीचा रुग्ण आंबा घाटाने कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातो, चिपळूणकडचा डेरवणला किंवा कुंभार्ली घाटाने कराडला, सावंतवाडी-दोडामार्गचा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. घाटात दरड पडली की दुसरा रस्ता कोणता, हे चालकाला माहीत असतं. त्याच्याशी मैत्री ठेवा. चिठ्ठीवर दिलेली औषधं आणि त्यांची वेळ लिहा, पुढच्या रुग्णालयाला निघण्याआधी फोन करा. गरोदर बाई आणि नवजात बाळासाठी १०२ वेगळी आहे. डोंगरमाथ्यावरच्या वाडीतल्या गरोदर बाईला तारखेच्या आठवडाभर आधी तालुक्याजवळच्या नातेवाइकाकडे हलवा असं सांगायची हिंमत करा. पावसाळ्यात तर नक्कीच.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं रुग्णालय आहे, कोणता आजार बसतो, याची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवा. रुग्ण पाठवतानाच रेशनकार्ड आणि आधार घ्यायला सांगितलं तर नातेवाइकांचा एक दिवस वाचतो.

सातवी पायरी: माणसं

सिंधुदुर्गात मालवणी, वर उत्तरेला संगमेश्वरी, किनाऱ्यावर कोळ्यांची आणि मुसलमान वस्त्यांची आपापली बोली. "ताप इलो", "पोटात दुखता", "माका बरा वाटणा नाय" हे पहिल्याच दिवशी कळतं. बोलायला घाई करू नका. चुकीची मालवणी बोलणाऱ्यापेक्षा शांतपणे ऐकणारी सिस्टर लोकांना जास्त आवडते. आजी, काका, वहिनी म्हणा, आडनावाने हाक मारू नका.

मोठं ऑपरेशन ठरलं की घरचे गावदेवाला कौल लावायला जातात. साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे नेलेलं असतं. त्यावर ओरडून काही साधत नाही, पुढच्या वेळी लोक लपवतात, इतकंच. "कौल घ्या, गाऱ्हाणं घाला, तोवर सलाईन चालू राहू दे" एवढं म्हटलं की वाद उरत नाही. मांत्रिकाकडे नेलं असेल तर किती वाजता आणि काय खायला-प्यायला दिलं ते न रागावता विचारा. ती वेळ तुम्हाला उपचारासाठी हवी असते.

शिबिरं ठरवताना गावाचं कॅलेंडर बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मासेमार घरी असतात. त्यांची शुगर-बीपी तपासायला हाच काळ. लावणीत शेतकरी येणार नाही. शिमग्यात पालखी घरोघरी फिरत असताना कोणीच येणार नाही. गणपतीत मुंबईकर गावी आले की आई-वडिलांना घेऊन दवाखान्यात येतात. ते दिवस सोन्यासारखे वापरा: मुलाला समोर बसवून गोळ्यांचं वेळापत्रक समजावा, मोतीबिंदूची तारीख पक्की करा.

आहाराचा सल्ला देताना पुस्तकातली चपाती-कोशिंबीर सांगू नका. इथे सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी-रात्री भात. मधुमेही माणसाला भात बंद करा म्हटलं तर तो मान डोलावतो आणि घरी जाऊन भातच खातो. वाटी मोजून द्या, सोबत कुळथाची पिठी, ताजे मासे, पालेभाजी वाढवायला सांगा. बीपीवाल्याला मात्र पावसाळ्यात सुके खारे मासे आणि लोणचं किती खाता हे विचाराच, गोळ्या घेऊनही बीपी का उतरत नाही ते तिथे कळतं. मे महिन्यात मधुमेह्यांशी आंबा-फणसावर थेट बोला.

राहणं, पैसे, रजा

खर्च शहरापेक्षा कमी, पण वाटतो तितका कमी नाही. भाजी घाटावरून येते, पावसात महागते. आठवडा बाजाराला आठवड्याची भरून ठेवा. मासे खात नसाल तरी निभतं, खात असाल तर बाजाराऐवजी जेटीवर जायला शिका. स्वतःची दुचाकी हवीच. रेनकोट दोन, गमबूट, चांगली बॅटरी आणि युनिफॉर्मचे चार जोड. दोन जोड वाळत नाहीत, ओला युनिफॉर्म घालून जांघेत आणि काखेत नायटा होतो, आणि मग आपणच ओपीडीत मलम मागत फिरतो. कपडे वाळवायला आतल्या खोलीत दोरी आणि पंखा एवढं तरी करा.

रजेचं गणित इथे वेगळं आहे. स्थानिक सहकाऱ्यांना गणपतीत आणि शिमग्यात रजा हवी असते, जीव गेला तरी. तुम्ही बाहेरचे असाल तर गणपतीतल्या ड्युट्या आपणहून घ्या आणि बदल्यात दिवाळीला सलग रजा ठरवून घ्या, लेखी. सगळे खूश होतात आणि वर्षभर तुमच्या शब्दाला वजन येतं. गणपतीत आणि मेमध्ये कोकण रेल्वेचं तिकीट ऐनवेळी मिळत नाही, आरक्षण उघडेल त्या दिवशी काढा.

एकटेपणा येतो. विशेषतः जुलैच्या मध्यात, ऊन दिसलेलं नसतं तेव्हा. त्याकडे दुर्लक्ष करू नका. भजनी मंडळ, वाचनालय, जवळच्या केंद्रातल्या सहकाऱ्यांचं रविवारचं जेवण, काहीतरी धरून ठेवा. झोप उडाली, जेवण सुटलं असं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रुग्णांसाठी आहे तसा आपल्यासाठीही आहे.

पुढचा विचार

गोव्यातल्या नोकरीचं आकर्षण सीमेलगतच्या सगळ्यांना असतं. खाजगी रुग्णालयांत महाराष्ट्रातले पुष्कळ जण काम करतात, बांदा-सावंतवाडीहून रोज ये-जा करणारेही आहेत. गोव्याच्या सरकारी नोकरीला मात्र साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचं ज्ञान लागतं, त्या आशेवर इथली जागा सोडू नका. तिकडे काम करायचं असेल तर गोव्याच्या कौन्सिलच्या नोंदणीची चौकशी आधी करा.

इथे दोन-तीन वर्षं नीट काम केलं की तुमच्या हाताला सर्पदंश, विंचूदंश, लेप्टो, अपघात आणि वृद्धांची शुश्रूषा येते. शहरातल्या मुलाखतीत हे बोलून दाखवता आलं पाहिजे. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: रुग्णाचं नाव न लिहिता, केस काय होती, आपण काय केलं, पुढे काय झालं. कंत्राटी असाल तर प्रत्येक आदेश संपताना त्या काळाचं अनुभव प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह लगेच घ्या. अधिकारी बदलून गेल्यावर त्याच कागदासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात.